सदतीसला काहीच उगवलं नाही

आमचे सर कॉलेजात यायचे ते हातात थर्माकोलचा खोका घेऊन. मिरकरवाड्याच्या बंदरावरून सुरमई आणि पापलेट ज्यातून मुंबईला जातात, तोच खोका. त्याला निळ्या नायलॉनच्या दोरीचा फास, आत बर्फ, आणि सर पुढे गेल्यावरही कॉरिडॉरमध्ये बराच वेळ रेंगाळणारा बांगड्याचा वास. नव्याने रुजू झालेल्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ सकाळचा बाजार उरकून थेट वर्गावर येतात. एकदा तर प्राचार्यांनीच जिन्यात अडवून विचारलं, "काय सर, आज काय मिळालं?" सर म्हणाले, "आज नाही मिळालं काही. कालचंच आहे." आणि पुढे गेले. खोक्यात मासळी कधीच नसायची. काचेच्या नळ्या असायच्या, आणि नळ्यांत यीस्ट.

यीस्ट म्हणजे तेच, पाव फुगवणारं. त्याची एक पेशी डोळ्यांना दिसतही नाही, पण तिच्या आत खोल्या असतात, दारं असतात, या खोलीतला माल त्या खोलीत नेणारी वाहतूक असते. तो माल वाटेत कसा अडतो, हे सर आयुष्यभर बघत बसले होते. त्यांच्याकडच्या यीस्टच्या जाती बिघडलेल्या होत्या, मुद्दाम बिघडवलेल्या. चोवीस अंशांना त्या सुखाने नांदायच्या आणि सदतीस अंशांना त्यांची वाहतूक बंद पडायची. थंड देशातल्या लोकांना म्हणे सदतीस अंश मिळवायला यंत्र लागतं. आमच्या खोलीवर पत्रे होते. सदतीस अंश आम्हाला मार्च ते जून फुकट मिळायचे, चोवीस अंश मात्र बर्फाच्या कारखान्यातून विकत आणावे लागायचे. म्हणून तो खोका.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि मग तासिका तत्त्वावरची सहकारी, म्हणजे पगार अर्धा आणि बोलणी पूर्ण. माझे वडील पोफळीच्या वीजघरात ऑपरेटर. आम्ही तिथल्याच कॉलनीत वाढलो. हे सरांना पहिल्याच दिवशी कळलं आणि माझं नाव कायमचं पुसलं गेलं. "ए पोफळी, इकडे ये." दोन हजार पाचच्या आसपासचे ते दिवस, भारनियमनाने सगळ्यांना रडवलेलं. दिवे गेले की आख्खं कॉलेज आकाशाकडे बघे आणि सर माझ्याकडे. "काय गो, बापाने बटण बंद केलं वाटतं!" मी म्हणायची, "सर, बाबांच्या हातात तसलं बटण नसतं." ते म्हणायचे, "मग इतकी वर्षं तिथे बसून करतात काय?" हे बाबांना सांगितलं तर ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

शिकवताना सरांना पुस्तकातले शब्द चालायचे नाहीत. पेशीत जिथे प्रथिनं तयार होतात आणि घड्या घालून बसवली जातात, त्या जागेला पुस्तकात 'आंतर्द्रव्य जालिका' म्हणतात. सर म्हणायचे, "एवढं नाव घेईपर्यंत पेशी मरेल बिचारी. माजघर म्हणा." माजघराच्या पुढे जिथे मालाची वाटणी होते, ती त्यांची ओटी. मालाच्या पिशव्या वाहतात त्या होड्या. 'रिक्तिका' या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. "रिक्त कसली? आमच्या आपाच्या माळ्यावर आहे त्याहून जास्त सामान असतं तिच्यात!"

प्रथिनाला आपली खोली कशी सापडते, हे शिकवायला त्यांच्याकडे आखाती खोका होता. सर राजीवड्याचे. घरोघरी कोणी ना कोणी कुवेतला, दुबईला, नाहीतर जहाजावर. सुट्टीवर येणारा माणूस एकट्याचं सामान कधी आणत नाही, अर्ध्या मोहल्ल्याचं आणतो. प्रत्येक गठ्ठ्यावर जाड काळ्या पेनाने नाव घातलेलं, तेही चारी बाजूंनी, कारण खोका कुठल्या कुशीवर पडेल याचा भरवसा नाही. सर वर्गात म्हणायचे, "प्रथिनाच्या तोंडाशीच पत्ता लिहिलेला असतो. पत्ता वाचून दार उघडतात. आत घेतलं की पत्त्याचा कागद फाडून टाकतात. आमची आपा कागद फाडते, पण दोरी ठेवते, वाळत घालायला. पेशीसुद्धा काही फुकट घालवत नाही." पोरं हसायची. परीक्षेत एकाने खरंच लिहिलं होतं की प्रथिनाची दोरी वाळत घालायला वापरतात. सरांनी त्याला अर्धा गुण दिला.

आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण. सरांनी लग्न केलं नव्हतं. दोघं बहीणभाऊ भाट्याच्या खाडीजवळच्या घरात राहायची, मागे विहीर, पुढे अंगण. आपांचे यजमान बोटीवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कतारला. आपा भावाला 'मास्तर' म्हणायच्या आणि त्या शब्दात आदर औषधालाही नसायचा.

लग्न न केलेल्या माणसाची गावात थट्टा व्हायचीच. सरांना एका कामासाठी मखमल लागायची. बशीतल्या यीस्टच्या वसाहतींचा ठसा मखमलीवर घ्यायचा, आणि तोच ठसा दोन नव्या बश्यांवर उमटवायचा. एक बशी थंडीत ठेवायची, एक उष्णतेत. थंडीत सगळ्या उगवतात. उष्णतेत ज्या जागी काही उगवत नाही, ती आपली. मखमलीची लव एकेका पेशीला उचलते, साध्या कापडाने ते होत नाही. तर सर बाजारात कापडवाल्याकडे गेले आणि मरून रंगाची मखमल मागितली. दुकानदार उठून उभाच राहिला. "सर! ठरलं शेवटी? शेरवानी ना?" सर म्हणाले, "हो. टीचभर दे." "टीचभरात शेरवानी कशी होईल?" "नवरदेव लहान आहे," सर म्हणाले. तो तुकडा आपांच्या कुकरमध्ये शिट्ट्या देऊन निर्जंतुक व्हायचा. आपांना ते बिलकूल पसंत नव्हतं. त्यांनी शेवटी वेगळा कुकर घेतला आणि जुना मास्तरांना आंदण दिला.

या सगळ्या बिघडलेल्या जातींत सरांची लाडकी एक होती. तिचं नाव मुकी.

मुकी त्यांना कोणी पाठवलेली नव्हती, त्यांनी स्वतः शोधलेली होती. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला निळा दिवा यीस्टवर धरून त्यांनी पेशी बिघडवल्या, मग गरम केल्या. ज्या पेशीची वाहतूक अडते तिच्या आत माल साठत जातो, ती जड होते आणि तळाला बसते. सर तळाची गोळा करत राहिले. वर्षानुवर्षं तळ ढवळून हाती लागली ती ही. चोवीसला हिच्यासारखी शहाणी नाही. सदतीसला सगळं बनवायची, घड्या घालायची, होड्या भरायची आणि एकही होडी किनाऱ्याला लावायची नाही. आत सगळं, बाहेर शब्द नाही. पण मरायच्या आधी तिला पुन्हा थंड केलं, की कोंडलेलं भराभरा बाहेर. "जगात कुणाकडे अशीच आधी असेलही," सर म्हणायचे. "असू दे. ही रत्नागिरीची."

ती जगात आधी होती की नव्हती, हे पुण्यातल्या एका संस्थेत कळणार होतं. तिथल्या एका बाईंनी सरांना सांगून ठेवलं होतं, पाठवा, आम्ही तपासतो आणि कायमची जतन करतो. आमच्याकडे जतन म्हणजे एक जुना फ्रिज, ज्यात मे महिन्यात कुणीतरी हापूस ठेवायचं. त्यांच्याकडे म्हणे उणे ऐंशी अंश. यीस्ट पाठवणं काही कठीण नसतं. टिपकागदाच्या तुकड्यावर थेंब सोडायचा, चांदीच्या कागदात गुंडाळायचा, पाकिटात घालायचा. पाकीट तयार होतं. पुण्याचा पत्ता घातलेलं पाकीट सरांच्या खणात मी विद्यार्थिनी असल्यापासून होतं. टपालाचे दर वाढले की सर त्यावर आणखी एक तिकीट चिकटवायचे. मी शिकवायला लागेपर्यंत पत्त्याला जेमतेम जागा उरली होती. पाठवा म्हटलं की म्हणायचे, "अजून एकदा तपासू." मला या माणसाचा अतोनात राग यायचा. दिवसभर बोलणारा माणूस, आणि जे बोलायला हवं ते खणात! एकदा आपांनीच हसत हसत सांगितलं, "घाबरतो गो. पुण्याची माणसा हसतील म्हणून घाबरतो."

मग सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. जूनअखेर ते जाणार आणि आमची पत्र्याची खोली संगणकांना मिळणार. एप्रिलमध्ये दोन माणसं टेप घेऊन मापं काढायला आली. वातानुकूलन यंत्र कुठे बसवायचं ते बघत होती. सरांनी विचारलं, "किती अंशांवर ठेवणार?" त्यांतला एक म्हणाला, "संगणकांना चोवीस बरं असतं." सरांनी याच खोलीसाठी याच चोवीस अंशांचे किती अर्ज केले होते ते मला ठाऊक होतं, कारण शेवटचे काही माझ्याच अक्षरात होते. ते खोका उचलून बाहेर गेले. त्या दिवशी मला त्यांची दया आली, आणि दया येण्यासारखे ते नव्हते म्हणून जास्तच वाईट वाटलं.

त्याच मे महिन्यात, सुट्टीत, मी पोफळीला घरी असताना शेजाऱ्यांकडे फोन आला. आईने घेतला. ती धापा टाकत आली. "तुझ्या सरांचा फोन. म्हणतायत मुकी गेली. कोण गं ही? त्यांची बहीण का?" मी धावले. सर अजून फोनवर होते. कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. सुट्टी असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बंद खोली, वर पत्रे, आत मेलेला फ्रिज. "नळ्या उकडून निघाल्या," ते म्हणाले. "ताज्या बश्यांवर लावून बघितलं. एकही उगवत नाही. पुण्याला पाठवायला म्हणून घरी एक बाटली वाढवून ठेवली होती, तेवढी आहे. ये." पुण्याला पाठवायला म्हणून! म्हणजे शेवटी मनाची तयारी झाली होती. मी त्याच दिवशी एसटी पकडली. निघताना बाबा म्हणाले, "सरांना सांग, ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे येत नाही."

राजीवड्याला सरांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आपांचा मुलगा कतारहून आलेला. ओटीवर खोक्यांची चळत, प्रत्येकावर चारी बाजूंनी नावं, आणि आपापलं न्यायला आलेली माणसं. आतून नारळाच्या दुधाचा आणि वेलचीचा वास येत होता. सांदणं झाली होती. तांदळाच्या रव्यात नारळाचं दूध आणि साखर घालून, खमिराने फुगवून, वाफवलेल्या त्या गोड वड्या. आपांची सांदणं मोहल्ल्यात नावाजलेली.

सर थेट आत गेले, मी मागे. ओट्यावर सरबताची एक बाटली पालथी घातलेली होती, लख्ख धुतलेली.

"आपा," सर म्हणाले. "यातला कुठाय?"

"त्यातला होय? सांदणात घातला."

सर मागे सरकले आणि एका खोक्यावर बसले. आपांना त्यांच्या चेहऱ्यावरचं काही दिसलं नाही, त्या आपल्या बोलत राहिल्या. "काल बेकरीत खमीर नव्हता. तूच सारखा सांगतंस ना, मास्तर, तुझा यीस्ट म्हणजे आपल्या सांदणाच्या खमिराची बहीण? म्हटला, बहीण तर बहीण. पण कसली रे तुझी बहीण! गच्चीवर उन्हात ठेवला पीठ, चांगला फुगेल म्हणून. दुपार झाली तरी फुगलाच नाय. मग पोराला खाडीपल्याड पावसला पिटाळला, तिकडून खमीर आणवला, दुसरा पीठ भिजवला. माझी लाज जायची पाळी आली!"

सर हळू आवाजात मला म्हणाले, "फुगलं नाही म्हणजे मेली गं."  उभा जन्म तळ ढवळून काढलेली एक गोष्ट, आणि ती गच्चीवर वाळली.

मी विचारलं, "आपा, ते पहिलं पीठ टाकलंत?"

"टाकणार होते मोरीत. पण नारळाचा दूध घातलेला, फेकवेना. काल दुपारीच खाली आणून विहिरीकडे ठेवलाय. शेळीला घालायचा राहिला बघ या गडबडीत."

मी मागच्या दाराने गेले. विहिरीच्या कठड्याखाली, सावलीत, ओल्या पोत्यात गुंडाळलेलं पातेलं होतं. त्याचं झाकण एका बाजूला कलंडलं होतं. पीठ झाकण ढकलून बाहेर आलं होतं, पातेल्यावरून ओघळलं होतं आणि मुंग्यांची रांग लागली होती. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण सर एकाच पायात चप्पल घालून धावत आले, आणि मागून आपा, आणि आपल्या खोक्याची वाट बघत बसलेली दोन माणसंही.

सर पातेल्याशी उकिडवे बसले. नाक लावून वास घेतला. मग त्यांनी आपांची उलटतपासणी सुरू केली. गच्चीवर कधी नेलं, ऊन कुठवर आलं होतं, खाली आणलं तेव्हा कसं दिसत होतं, पोतं कोणी भिजवलं. आपा कातावल्या. "कोर्टात उभी केलंस का मला?" पण सरांचा चेहरा उजळत चालला होता. "उन्हात गप्प बसली," ते म्हणाले. "सावलीत आणल्यावर कामाला लागली. आपा, दुसरा कुठला खमीर असता तर उन्हात दुप्पट फुगला असता. ही मुकीच!"

मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण माझा स्वभाव तसा नाही. मी म्हटलं, "सर, उघड्यावरचं पीठ. त्यात हवेतलं, तांदळातलं, नारळातलं काय काय असेल. रात्रीतून दुसऱ्याच कुणी फुगवलं असेल. मुकी आहे असं कशावरून?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. आधी दुखावल्यासारखं, मग परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीकडे बघतात तसं. "बरोबर," ते म्हणाले. "तपासू."

पुढचे काही दिवस आपांच्या मागच्या पडवीची प्रयोगशाळा झाली. कॉलेजात वीज नव्हतीच, राजीवड्यात असून नसल्यासारखी. म्हणून दोन मासळीचे खोके घेतले. एकात बर्फ आणि पाणी, ते आमचं चोवीस. दुसऱ्यात गरम पाण्याच्या बाटल्या, ते सदतीस. खोक्याला भोक पाडून तापमापी खोचला. आळीपाळीने पाणी तापवायचं, बाटल्या बदलायच्या. आपांचा गॅस संपला तेव्हा त्यांनी चूल पेटवली आणि मला आणि सरांना दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात खूप काही सुनावलं. पण पाणी कधी थंड होऊ दिलं नाही.

पिठाचा कण बशीवर पसरला तेव्हा आख्खं गाव उगवलं. पांढऱ्या, पिवळट, चिकट, केसाळ, नाना तऱ्हा. जिवाणू मारायला बशीत औषध घातलं होतं म्हणून नुसतं यीस्टचंच गाव. त्यातल्या दिसायला बऱ्या वसाहती निवडल्या, ओळीने लावल्या आणि जुन्या कुकरमधली मरून मखमल त्यांच्यावर दाबली. तोच ठसा दोन बश्यांवर. एक बशी बर्फात, एक गरमात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गरम खोका उघडायची हिंमत सरांना होईना. "तू बघ," म्हणाले आणि पाठ फिरवून विहिरीत डोकावत उभे राहिले. मी बशी काढली. ओळीच्या ओळी उगवल्या होत्या, टपोऱ्या. माझं मन खट्टू झालं. हेच तर नको होतं. मग मी थंडीतली बशी तिच्या शेजारी ठेवली आणि एकेक जागा बोटाने ताडून पाहू लागले. तिसऱ्या ओळीत थंडीच्या बशीवर एक ठसठशीत ठिपका होता. गरम बशीवर त्याच जागी काही नव्हतं. नुसती स्वच्छ मोकळी जागा. पुढच्या ओळीत आणखी एक. जगात माणसं काही उगवलं की आनंदतात. आम्ही एका न उगवलेल्या ठिपक्यासाठी देवाचे आभार मानत होतो.

"सर," मी म्हटलं. "सदतीसला काही नाही."

त्यांनी बशी हातात घेतली नाही. दुरूनच वाकून बघितली.

एवढ्यावर मीही विश्वास ठेवला नसता. उष्णतेत न वाढणारी दुसरीही एखादी असू शकते. मुकीची खरी ओळख वेगळी. साखर फोडणारं एक द्रव्य यीस्ट स्वतः बनवतं आणि बाहेर पाठवतं. मुकी ते उष्णतेत बनवते, पण आतच ठेवते. ते बाहेर आलं की नाही हे बघायला सरांकडे महागडं यंत्र नव्हतं, आपांचा मधुमेह होता. त्यांच्या लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या घरात असायच्या. नळीत चहाची साखर घालायची. पट्टीला ती कळत नाही, पण बाहेर पडलेल्या द्रव्याने ती फोडली की पट्टी हिरवी होते, नाहीतर नाही. गरम खोक्यातल्या नळीत पट्टी बुडवली. नाही झाली. मग सरांनी ती नळी उचलून बर्फाच्या खोक्यात ठेवली आणि आम्ही तिघं पडवीत बसलो. आपांनी चहा केला, ताजी सांदणं आणली. 

पट्टी आपांनीच बुडवली. रोजची सवय. डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, आणि म्हणाल्या, "हिरवी झाली रे मास्तर. बरीच साखर हाय हिला."

सर हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, मग तसेच उठून विहिरीवर गेले आणि तोंडावर पाणी मारलं. परत आले तेव्हा मी टिपकागद काढून ठेवला होता. माझ्या मनात काय आहे ते ओळखून ते म्हणाले, "पोफळी, अजून एकदा तपासू?"

मी तोंड उघडायच्या आत आपा म्हणाल्या, "आता नाय तपासायचा. गॅस संपला, लाकडा संपली, पट्ट्या पण संपल्या. आता पाठव. हसली पुण्याची माणसा तर हसू देत, आपण काय चोरी केलंय?" ते जुनं पाकीट त्यांनी बाजूला टाकलं आणि मुलाचा जाड काळा पेन आणला. नव्या पाकिटावर मी पत्ता घातला, पुढून, मागून आणि दोन्ही कडांवर. टपाल खात्याला चारी बाजूंनी पत्ता लागत नाही, पण त्या घरात दुसरी पद्धत नव्हती.

टपाल कचेरीत सर खिडकीशी गेले आणि म्हणाले, "शिक्का जरा हळू मारा. आत जीव आहे." कारकुनाने हात आखडता घेतला. "काय आहे आत?"

"खमीर. पावाचा."

"पावाचा खमीर पुण्याला पाठवताय?"

"बिघडलेला आहे."

"बिघडलेला कशाला पाठवताय मग?"

"चांगला त्यांच्याकडे खूप आहे," सर म्हणाले. कारकुनाने मान हलवली आणि खरंच, बाळाला तीट लावावी इतक्या हळू शिक्का मारला.

त्यानंतर सर पुण्याचं नाव काढेनासे झाले. जूनचा शेवट जवळ येत होता. निरोप समारंभात त्यांना शाल आणि घड्याळ मिळालं, भाषणं झाली, त्यांच्या शिस्तीचं कौतुक झालं, जी त्यांच्यात कधीच नव्हती. मी टाळ्या वाजवत होते आणि मनात पुण्याचा हिशोब करत होते. एव्हाना उगवायला हवं होतं. बाईंनी फोनची वेळ दिली होती त्या दुपारी आम्ही दोघं नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. सर आत काचेच्या खोपटात, मी दार अडवून बाहेर, कारण दार लावलं की ते गुदमरायचे.

"हां, बाई," सर म्हणाले. "हां. चोवीसला उगवली? छान. आणि सदतीसला?" मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. मला पलीकडचं काही ऐकू येईना. मी त्यांच्या कानाकडे बघत होते, जणू त्यातूनच काही बाहेर येईल. "ठेवलीत? उणे ऐंशीला? नक्की? हां. हां. उपकार झाले बाई." त्यांनी फोन ठेवला आणि खोपटातूनच ओरडले, "काहीच नाही उगवलं, पोफळी! सदतीसला काही म्हणजे काही उगवलं नाही!"

बूथवाला गल्ल्यावरून उठला. सर रिटायर झाल्याचं त्याला ठाऊक होतं, आणि आता हे. तो जवळ आला आणि अगदी मनापासून म्हणाला, "जाऊ दे, सर. एखादा साल असा जातोच. पुढच्या साली उगवेल." सरांनी त्याला मिठी मारली. त्याला काही उलगडा झाला नाही, पण मोठ्या माणसाचं दुःख म्हणून तोही त्यांची पाठ थोपटत राहिला.

तेवढ्यात दिवे गेले. पंखा थांबला, फोनच्या बिलाचं यंत्र बंद पडलं, नाक्यावरून 'ओऽ' असा ओळखीचा आवाज उठला. इतक्या वर्षांच्या सवयीने मी मान खाली घातली आणि वाट बघू लागले. सरांनी माझ्याकडे पाहिलंच.

"पोफळी," ते म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, आता खुशाल बटण बंद कर म्हणावं."